साहेब येईपर्यंत

“कुणीही जागचं हलायचं नाही! साहेब येईपर्यंत कुणीही हलायचं नाही!”

साहेबांचा गावातला माणूस पोपटशेठ शेवाळे लाउडस्पीकरवरून ओरडत होता आणि आम्ही हायस्कुलाच्या मैदानात वैशाखाच्या उन्हात उभे होतो. उभे म्हणजे आम्ही, उचलणारे. ज्यांना उचलायचं ते सकाळपासून आडवे पडले होते. रशीद मिस्त्रीनं आपल्या गॅरेजमधली भंगार जीप आणून मैदानात कुशीवर पाडली होती आणि तिच्याभोवती आमचीच माणसं ‘जखमी’ म्हणून टाकली होती. कपाळाला कुंकवाचं पाणी, हाताला लाल चिंध्या. आणि अंगावर गळ्यापर्यंत घोंगड्यासारखी जाडजूड ब्लँकेटं! का, तर ब्लँकेटं आमच्या आमदारसाहेबांनी वाटली होती. प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरांत साहेबांचं नाव. फोटोत ते नाव यायला पाहिजे होतं.

“पोपटशेठ, मेचा महिना आहे,” मी स्टेजजवळ जाऊन म्हटलं. “माणसं शिजतील आत. काढू दे ती ब्लँकेटं.”

“लीलाक्का, तुमचं आपलं दर वेळी काहीतरी असतंच. साहेब तालुक्यातनं निघालेत. आता पाच मिनिटं.”

“हे पाच मिनिटांचं पुराण सकाळपासनं ऐकतेय मी.”

“मग आणखी पाच मिनिटं ऐका,” असं म्हणून तो मांडवातल्या पंख्याखाली जाऊन बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले, कारण स्टेजच्या कडेला ती उभी होती. पांढरी, कोरी करकरीत अ‍ॅम्ब्युलन्स. बॉनेटवर झेंडूचा हार, दाराला लाल फीत. आमच्या पथकाचं प्रात्यक्षिक बघून साहेब ती आम्हाला देणार होते, तिच्यासाठीच हा सगळा तमाशा चालला होता.

आमचं पथक कसं उभं राहिलं ते सांगते, म्हणजे त्या गाडीसाठी आम्ही एवढं का सोसलं ते कळेल. कातळखिंडीचा घाट उतरला की आमचं गाव. घाटाच्या पायथ्याला रस्त्याच्या कडेनं आम्हा बायकांच्या टपऱ्या. भजी, चहा, भाजलेली कणसं. घाटात काही कोसळलं की पहिला आवाज आम्हालाच ऐकू यायचा. एकदा वऱ्हाडाची बस दरीत पलटी झाली. सगळं गाव धावलं. बापये मोठ्या हिमतीनं खिडक्या फोडून माणसं बाहेर ओढायला लागले. कुणी हाताला धरून, कुणी केसाला धरून. एका पोराला असंच खांद्याला धरून खसकन ओढलं आणि त्याची मान लुळी पडली. बाहेर काढेपर्यंत बोलत होतं ते लेकरू, पाणी मागत होतं.

सुभेदार निकम तेव्हा नुकतेच फौजेतून निवृत्त होऊन आले होते. फौजेच्या दवाखान्यात जन्म गेला होता त्यांचा. ते धावत आले, ते सगळं बघितलं आणि रस्त्यातच किंचाळले, “अरे, दरीनं नाही मारला, तुम्ही मारला त्याला!” दुसऱ्या दिवशी त्यांनी भाताच्या गिरणीसमोरच्या खळ्यात सगळ्यांना बोलावलं. आधी आले फक्त बापये. सुभेदारांनी विचारलं, “दिवसा तुम्ही असता का घाटाखाली?” नसायचे. कुणी शेतावर, कुणी एमआयडीसीत. मग म्हणाले, “तर मग ज्या असतात त्यांना पाठवा.” अशा आम्ही टपरीवाल्या बाया पथकात आलो.

शिकवलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. मान कशी धरायची, रक्त कुठं दाबायचं, बांबू आणि पोत्यांची डोली कशी बांधायची, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कशा फाडायच्या. सगळं हुकमी. शिट्टी वाजली की पळायचं, शिट्टी वाजली की थांबायचं. पेशंट झालेल्यानं तर मेल्यासारखं पडायचं. ‘हिलना मत’ हा त्यांचा लाडका हुकूम. सरावात पेशंट हलला, हसला, बोलला, की सगळा सराव पहिल्यापासून.

आणि हसायची कोण, तर माझी धाकटी जाऊ, येसू. तळपायाला नुसता वारा लागला तरी खिदळणारी बाई ती. डोलीवर चढवताना पायाला हात लागला की फुटलीच. सुभेदार लालबुंद व्हायचे. “येसू, घाटात मेलेला माणूस हसतो का गं?” “मेल्यावर बघीन की,” असं म्हणायची.

ही बोलायची अशी, पण तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, ह्याच घाटात ट्रकखाली सापडला होता. जिवंत होता. गाडी मिळेना. शेवटी विटांच्या टेम्पोत विटांवर निजवून नेला आणि तालुक्याच्या अलीकडच्या पुलावर त्यानं मान टाकली. येसूच्या मांडीवर. म्हणून साहेब येणार त्या दिवशी बेशुद्ध पेशंट व्हायला तिनंच हात वर केला. “ह्या खेपेला हसायची न्हाय मी,” ती सुभेदारांना म्हणाली. “गाडी मिळाली पायजे.”

मैदानात मधे एकदा मी लोटा घेऊन तिच्याजवळ गेले. तिचा चेहरा कुंकवानं लाल होता की उन्हानं, कळत नव्हतं.

“पी.”

दोन घोट प्याली. “अक्का, डोस्कं लई ठणकतंय गं. मळमळतंय.”

“ऊठ. खड्ड्यात गेला साहेब.”

“नगं. फोटोवाले बघत्यात. इतका येळ काढला, आता थोडक्यासाठी…”

“लीला!” सुभेदारांचा आवाज आला. “बेशुद्ध पेशंटला पाणी? हेच शिकवलं का मी?”

“बेशुद्ध कुठं आहे ती? उन्हात पडलीय!”

“जागेवर जा. एवढा आजचा दिवस काढा गं पोरींनो. एकदा चावी हातात पडू दे.” त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता, अजिजी होती. चार निवडणुकांपासून ते ह्या गाडीसाठी साहेबांच्या बंगल्याच्या पायऱ्या झिजवत होते. फौजेत ज्यानं कुणापुढं मान वाकवली नाही तो माणूस पोपटशेठसारख्याला ‘शेठ, शेठ’ करत होता. मला त्यांची कीवही आली आणि संतापही. मी लोटा घेऊन मागे फिरले.

लोक कंटाळले, उठून जायला लागले, तेव्हा पोपटशेठनं माइक धरला. “मंडळी, बसा, बसा! साहेब येईपर्यंत पथकाची एक रंगीत तालीम बघून घेऊ!” सुभेदारांनी शिट्टी वाजवली. आम्ही डोल्या घेऊन पळालो. येसूकडे मी आणि रशीद.

रशीदनं शिकवल्याप्रमाणे तिची मान धरली. मी ब्लँकेट ओढून काढलं आणि पाय उचलायला घोटे धरले. माझी बोटं तळपायाला लागली. मी वाट बघत होते, आता फुटणार. फुटली नाही.

“शहाणी झालीस गं,” मी म्हटलं. आणि मग मला जाणवलं की पाय भाजतायत. तव्यासारखे. घामाचा टिपूस नाही. मी मुद्दाम तळपायाला नख ओढलं. जोरात ओढलं. काही नाही.

“येसू! ए येसे!” मी तिच्या गालावर चापट मारली. डोळे अर्धवट उघडे, बुबुळं वर गेलेली. “रशीदभाई, ही खरंच बेशुद्ध आहे!”

“काय सांगतीयास!” त्याचा चेहरा उतरला.

मी उभी राहून बोंब ठोकली. “थांबवा! सुभेदार, थांबवा! येसू खरंच बेशुद्ध पडलीय! डॉक्टरला बोलवा कुणीतरी!”

आणि मैदानानं टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! बायकापोरं, मास्तर, पंचायतीची माणसं, सगळ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. पोपटशेठ माइकवरून म्हणाला, “बघा मंडळी, काय जिवंत अभिनय! डोळ्यांत पाणी आलं!” मी जितकी जास्त ओरडत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. आयुष्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्यात, पण त्या टाळ्यांसारखं काही लागलं नाही मला.

सुभेदारांनी शिट्टी फुंकली. लांबलचक. “लीला! हे ठरलं नव्हतं! डोली उचल!”

“अहो, खरं सांगतेय!”

पुन्हा शिट्टी. “डोली उचल म्हणतो ना!”

मी पळत गेले, त्यांच्या मनगटाला धरलं आणि ओढत आणलं त्यांना. एवढा उंचापुरा माणूस, पण मी ओढला. “हात लावा,” मी म्हटलं. “नुसतं बघू नका. हात लावा तिला.”

ते गुडघ्यावर बसले. गळ्याला बोटं लावली, काखेत हात घातला, पापणी वर केली. शिट्टी त्यांच्या तोंडातून गळून पडली. “ऊन लागलंय,” ते म्हणाले. “रशीद, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता.”

गाडीची चावी पोपटशेठच्या खिशात होती. मी स्टेजवर चढले.

“चावी दे.”

“अहो लीलाक्का, फीत कापायची आहे अजून. साहेब पुलापर्यंत आलेत. ते आले की चावी त्यांच्या हस्ते…”

“माझी जाऊ मरतेय तिथं!”

“मी जीप मागवतो ना दुसरी. ह्या गाडीचा कार्यक्रम आहे, तुम्हाला कळत कसं नाही? मला जोड्यानं मारतील साहेब.”

“ते मारतील तेव्हा मारतील,” मी म्हटलं आणि त्याच्या खिशात हात घातला. तो मागे सरला, सदरा टरकन फाटला, चावी माझ्या मुठीत आली. फाटका खिसा पोटावर लोंबत होता त्याच्या. “ह्या बाईला आवरा! पोलीस!” तो माइकवरच ओरडला. आता मात्र टाळ्या थांबल्या. लोकांना खरं कधी वाटलं, तर पोपटशेठचा सदरा फाटल्यावर!

रशीदनं फीत हातानंच तोडली. मागचं दार उघडलं आणि आम्ही बघतच राहिलो. आत काही नव्हतं. स्ट्रेचर नाही, सिलिंडर नाही, साधी बाकडी नाहीत. नुसता पत्र्याचा डबा. आणि त्या डब्यात साहेबांच्या जेवणावळीचं सामान रचलेलं! थंड बाटल्यांचे क्रेट, आणि पोत्यांत भुसा घालून गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. गावभर माणसं उन्हात, आणि साहेबांचं सरबत गाडीत गारेगार.

“आयला ह्यांच्या,” रशीद म्हणाला.

सुभेदारांनी लादी ओढली, जमिनीवर आपटून फोडली. “तिला आत घ्या. बर्फ काखेत, मानेखाली, जांघेत. लीला, लुगडं ओलं कर तिचं. क्रेटांवरचे पुठ्ठे काढा, वारा घाला. थांबायचं नाही.”

“अहो तो साहेबांचा बर्फ आहे!” पोपटशेठ मागून धावत आला. रशीदनं गाडी काढली.

मी जन्मात इतकी बोलले नसेन तेवढी त्या गाडीत बोलले. येसूला शिव्या देत होते, साहेबाला देत होते, सुभेदारांना तोंडावर देत होते. “तुम्ही शिट्टी वाजवलीत. मी ओरडत होते आणि तुम्ही शिट्टी वाजवलीत.” ते मान खाली घालून बर्फ चोळत होते. हात लालेलाल झाले होते त्यांचे. येसूच्या अंगाला एकदम झटके आले, दातखीळ बसली. सुभेदारांनी तिला कुशीवर वळवलं, तिचं डोकं धरून ठेवलं.

आणि गाडी थांबली.

“रशीदभाई, थांबलास का?”

“समोर बघ.”

पुलावर होतो आम्ही. तोच पूल. समोरून साहेबांच्या मोटारींची रांग आली होती आणि अरुंद पुलावर मधोमध उभी होती. हार घातलेली अ‍ॅम्ब्युलन्स बघून त्यांना वाटलं, आम्ही वेशीवर स्वागताला आलोय. साहेब उतरले. पांढरे शुभ्र कपडे, हात जोडलेले, मागे फोटोवाले. चालत चालत थेट आमच्या मागच्या दारापाशी आले आणि आत डोकावले.

“वा!” ते म्हणाले. “वा, वा! हुबेहूब! सुभेदार, काय तयार केलीत हो माणसं! अगदी खरं वाटतंय.”

फोटो निघाला. खरंच निघाला. अजून असेल कुणाकडे तरी.

“साहेब, गाड्या मागे घ्यायला सांगा,” सुभेदार म्हणाले. “पेशंट सीरियस आहे.”

“एकदम नॅचरल!” साहेब हसून फोटोवाल्यांकडे वळले.

मी गाडीतून वाकले आणि साहेबांचा हात पकडला. अंगठ्या होत्या त्या हातात. तो मी येसूच्या कपाळावर दाबून धरला. “आता सांगा,” मी म्हटलं. “सांगा ना, कसं वाटतंय?”

त्यांनी हात झटकन मागे घेतला. हसू गेलं. तिच्या तोंडातून फेस येत होता तो त्यांना आता दिसला. ते वळून ड्रायव्हरांवर खेकसले, “गाड्या मागं घ्या! ए, दिसत नाही का? मागं घ्या!” सगळ्या मोटारी एकामागून एक उलट्या सरकत पुलाबाहेर गेल्या. वेळ लागला. त्या वेळात मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते आणि खाली नदीत पाण्याचा थेंब नव्हता.

येसू वाचली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बर्फ लावला नसता तर जिवंत आणलीच नसती तुम्ही हिला. पण जी घरी आली ती अर्धी येसू होती. जीभ जड झाली. चालताना भिंत धरायची. हात तर सतत थरथरायचे, कपातला चहा कधी तोंडापर्यंत पुरा पोचला नाही. भज्याचं पीठ कालवायची बाई, तिला घास भरवायची पाळी आली माझ्यावर.

साहेबांनी पुढच्याच सभेत सांगितलं म्हणे, की आपण दिलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सनं पहिल्याच दिवशी एका भगिनीचा जीव वाचवला. आणि गाडी? ती ‘दुरुस्तीला’ म्हणून नेली ती दुसऱ्याच तालुक्याला गेली. आमचं पथक बेशिस्त आहे असं कळवलं होतं कुणीतरी. मी कुणाकडे दाद मागायला गेले नाही. घरात एक माणूस भिंत धरून चालत होतं, तिला सोडून कुठं जाणार?

पावसाळा सरत आला तेव्हा सुभेदारांनी पुन्हा खळ्यात सगळ्यांना बोलावलं. मी जाणार नव्हते. येसूनंच हट्ट धरला. “चल… अक्का,” एकेक अक्षर ओढत ती म्हणाली. तिला धरून नेलं आणि गिरणीच्या ओट्यावर बसवलं.

सुभेदार उभे होते. वाळले होते. त्यांनी काही भाषण केलं नाही. “आजपासून सरावात पेशंट बोलत राहणार,” ते म्हणाले. “शिव्या द्या, गाणं म्हणा, काहीही करा, पण तोंड चालू ठेवायचं. पेशंट गप्प झाला की सगळं बंद. कोण आलं असेल, कोण यायचं असेल, बंद. आणि ‘थांबवा’ म्हणायला माझी परवानगी लागणार नाही कुणाला.”

“मोठे उपकार झाले,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “हे आधी सुचलं असतं तर?”

सुभेदार म्हणाले, “तू ओरडत होतीस ते मला ऐकू आलं होतं, लीला. तुझा आवाज खरा आहे हेही कळलं होतं. पण मी गाडीकडे बघत होतो.”

एवढं बोलून ते स्वतःच पेशंट होऊन खळ्यात उताणे झोपले. पांढऱ्या मिशांचा तो माणूस चिखलाळ जमिनीवर हातपाय सोडून पडला आणि बोलायला लागला. फौजेतल्या पलटणींची नावं, गावातल्या शेतांची नावं, बायकोचं नाव, जे येईल ते. उचलायला कुणी पुढं होईना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हाताची घडी घालून उभी राहिले. पडू दे, म्हटलं मनात. चांगला पडू दे. बोलून बोलून त्यांचा घसा बसायला लागला तरी मी हलले नाही.

तेवढ्यात ओट्यावरून येसू उठली. भिंत सुटली तशी झोकांडी गेली, पण सावरली. फरफटत गेली आणि त्यांच्याजवळ बसकण मारली. शिकवल्याप्रमाणे नाडी बघायला तिनं त्यांच्या गळ्याला बोटं लावली. बोटं कुठं ठरतात! कधी हनुवटीवर, कधी कॉलरवर. ती पुन्हा पुन्हा शोधत राहिली. सुभेदारांचे डोळे वाहायला लागले, पण त्यांनी बोलणं थांबवलं नाही.

“आहे मी, येसू. आहे. बघ सावकाश. आहे मी.”

“लागं… ना,” येसू म्हणाली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

मी गेले. तिची बोटं धरून त्यांच्या गळ्यावर नेमकी जागेवर दाबली आणि तशीच धरून ठेवली. सुभेदारांच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. तेव्हाही नाही, आणि पुढं ते वारले तोवर कधी नीट बघितलं असेन असं वाटत नाही.

“रशीदभाई, मान धर ह्यांची,” मी म्हटलं. “पाय मी घेते.”